दोन साहित्यकृतींची तुलना कशी करावी? बडोद्यातल्या मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वाचनमंडळात बोलणाऱ्यांसाठी, मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौसेने लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे मुद्दाम दोनच जोड्यांतून घेतली आहेत. पहिली जोडी म्हणजे रघुनाथ पंडितांचे मराठी ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ आणि बडोद्याच्याच प्रेमानंदाचे गुजराती ‘नळाख्यान’. दुसरी म्हणजे वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी (१९५९) आणि गिरीश कर्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक (१९६१).

कोणत्याही दोन पुस्तकांची तुलना करता येते का?

करता येते, पण बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. दोन कृतींमध्ये एखादी ठोस सामाईक गोष्ट असावी लागते: एकच मूळ कथा, एकच प्रसंग, एकच काव्यप्रकार, किंवा दोन्ही लेखकांना पडलेला एकच प्रश्न. ‘दोन्ही कादंबऱ्यांत आई आहे’ एवढ्यावर लेख उभा राहत नाही. ‘दोन्ही कादंबऱ्यांत आईच्या मृत्यूनंतर मुलगा सगळी गोष्ट सांगतो’ म्हटले की पकडायला जागा मिळते, कारण आता विचारता येते: सांगणारा मुलगा किती मोठा झाला आहे? तो आईला दोष देतो का?

सामाईक जागा जितकी अरुंद, तितकी तुलना खोल जाते. ‘निसर्ग’, ‘प्रेम’, ‘समाज’ हे विषय फार रुंद आहेत. नळाच्या कथेतला ‘हंस पकडला जातो तो प्रसंग’ हा विषय पुरेसा अरुंद आहे. पुढे बराच वेळ याच प्रसंगापाशी थांबलो आहोत.

बडोद्यात राहणाऱ्याने कोणती जोडी निवडावी?

घरात मराठी आणि रस्त्यावर गुजराती, ही इथल्या वाचकाची मोठी जमेची बाजू आहे. पुण्या-नागपूरच्या वाचकाला प्रेमानंद अनुवादातून वाचावा लागतो. तुम्हाला तो मुळातून वाचता येतो. प्रेमानंद सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आख्यानकवी. तो ‘माणभट्ट’ होता. बोटांत अंगठ्या घालून ‘माण’ नावाच्या तांब्याच्या घागरीवर ताल धरायचा आणि लोकांपुढे आख्यान गाऊन सांगायचे, हा त्याचा व्यवसाय. आपल्या गावाचा उल्लेख तो ‘वीरक्षेत्र वडोदरुं’ असा करतो. त्याच्या नळाख्यानासमोर रघुनाथ पंडितांचे आख्यान ठेवले की जोडी जमते. कथा एक, शतक साधारण तेच, पण भाषा, छंद आणि श्रोते निराळे.

गुजराती लिपीची भीती बाळगू नका. शिरोरेषा नाही आणि क, ख, च, ज, फ, ब, भ अशी काही अक्षरे वेगळी आहेत. दुकानांच्या पाट्या वाचता येत असतील तर आठवडाभरात छापील कविता वाचता येते. अडचण येते ती जुन्या शब्दांची. म्हणून तळटीपा आणि शब्दार्थ असलेली, महाविद्यालयासाठी संपादित केलेली प्रत घ्यावी. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय हे सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली सुरू झालेले. मराठी आणि गुजराती पुस्तकांचा शोध तिथून सुरू करावा.

आधी कोणती कृती वाचावी आणि किती वेळा?

जी कमी ओळखीची आहे ती आधी. ओळखीची आधी वाचली तर दुसरी कृती तिच्या चष्म्यातून दिसू लागते. जिथे ती वेगळी वागते तिथे ‘इथे कमी पडली’ असे वाटते. मराठी वाचकाने प्रेमानंदापासून सुरुवात करावी.

प्रत्येक कृती किमान दोनदा वाचावी. पहिले वाचन सलग, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात वहीचे पान उभे दुभंगावे: डावीकडे एक कृती, उजवीकडे दुसरी, आणि प्रत्येक नोंदीपुढे पान किंवा श्लोक-कडव्याचा क्रमांक. हा क्रमांक लिहायचा कंटाळा केला की पुढे लेख लिहिताना सगळे पुस्तक पुन्हा चाळावे लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आठवणीतून चुकीचे अवतरण जाते. नोंदी वीस-पंचवीस झाल्या की थांबावे. त्यांतल्या फार तर सहा-सात लेखात येतील.

पानावर एक जागा मोकळी सोडावी: ‘इथे आहे, तिथे नाही’ यासाठी. नवशिके वाचक दोन्हींकडे असलेलेच टिपतात आणि एकाच कृतीत असलेली गोष्ट त्यांच्या हातून सुटते. तुलनेचा अर्धा ऐवज तिथेच असतो.

दोन्हींचे मूळ एकच असेल तर साम्ये कशी मोजायची?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

नळाची मूळ कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. चार देव, द्यूत, कली, वनवास, कर्कोटक नाग, बाहुकाचे रूप, ऋतुपर्ण राजा हे सगळे तिथलेच. तेव्हा ‘दोन्ही कवींनी दमयंतीचे स्वयंवर वर्णिले आहे’ हे साम्य म्हणून लिहिणे फोल आहे. ते दोघांना वारशाने मिळाले आहे, दोघांनी निवडलेले नाही. दोन कृतींच्या तुलनेत तिसरी, म्हणजे मूळ कृती, शेजारी उघडी ठेवावीच लागते.

आता हंसाचा प्रसंग पाहा. महाभारतात नळ हंस पकडतो, हंस लगेच म्हणतो की मला मारू नकोस, मी दमयंतीपुढे तुझे गुण सांगेन, आणि सुटतो. रडारड नाही. पण प्रेमानंदाकडे हंस विलाप करतो: ‘हंसे मांड्यो रे विलाप, पापी माणसां रे.’ म्हणजे विलाप ही प्रेमानंदाची स्वतःची भर? तसेही नाही. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या बावीस सर्गांच्या महाकाव्यात पहिल्याच सर्गात हंसाचा विलाप आहे, म्हाताऱ्या आईच्या आठवणीसकट. रघुनाथ पंडितांचे काव्यही याच नैषध-परंपरेतले आहे. महाभारत एवढेच शेजारी ठेवणारा इथे फसतो: जे मधल्या परंपरेने दिले ते तो कवीच्या खात्यात टाकतो.

म्हणून क्रम असा ठेवा: मुळात काय आहे, मधल्या परंपरेने काय घातले, आणि मग या कवीने त्याचे काय केले. तिसऱ्या पायरीवर आल्याशिवाय ‘वेगळेपण’ हा शब्द वापरू नये.

एक प्रसंग घेऊन प्रत्यक्ष तुलना कशी दिसते?

हंस पकडला जातो तोच क्षण घेऊ. रघुनाथ पंडित हंसाबरोबरच्या इतर पक्ष्यांकडे पाहतात. जलक्रीडेसाठी जमलेले ते सगळे भीतीने उडून गेले, पकडल्या गेलेल्या सोबत्यापाशी कोणी उरले नाही. आणि चौथ्या चरणात निवेदक म्हणतो, ‘कठिण समय येतां कोण कामास येतो.’ वृत्त मालिनी, पंधरा अक्षरांचे: सुरुवातीला सहा लघू धावत जातात आणि मग गुरूंचा तोल येतो. ‘तदितर खग’ ही सुरुवात म्हणून पाहा, पक्ष्यांची पळापळ त्या सहा ऱ्हस्व अक्षरांत ऐकू येते. तीन चरण दृश्य, चौथ्या चरणात त्या दृश्यातून निघालेला सामान्य नियम. आपल्या अलंकारशास्त्रात याला अर्थांतरन्यास म्हणतात.

प्रेमानंदाकडे बोलणारा निवेदक नसून हंस आहे. तो नियम सांगत नाही, आरोप करतो, आणि ‘पापी माणसां रे’ हे पालुपद दर ओळीच्या शेवटी परत येते. समोर बसलेले श्रोते माणसेच आहेत, म्हणजे आरोप थेट त्यांच्यावर. पालुपद असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तेच श्रोते ते गाऊही लागू शकतात. आपल्यावरचा आरोप आपल्याच तोंडाने.

यातून एक गोष्ट उलगडते. रघुनाथ पंडितांचा तो चरण कवितेतून सुटा होऊन मराठीत म्हणीसारखा फिरतो, कारण तो अर्थाने आणि वृत्ताने पूर्ण बंद आहे. त्याला मागच्या तीन चरणांची गरज उरत नाही. प्रेमानंदाची ओळ तशी सुटी करता येत नाही, ती पुढच्या ओळीला हाक मारते. एक ओळ पाठ करायची, दुसरी समूहाने गायची. या दोन काव्यांतला फरक ‘करुणरस’ या शब्दाने सांगता येत नाही, कारण करुणरस दोन्हींकडे आहे. तो फरक बोलतो कोण आणि ऐकतो कोण यात आहे.

छंद आणि रचना यांची तुलना न करता चालेल का?

गद्यात एक वेळ चालेल, पद्यात नाही. पंडिती काव्याचे एकक श्लोक आहे. गुजराती आख्यानाचे एकक ‘कडवुं’. कडव्याचे तीन भाग: मुखबंध, ढाळ आणि वलण. मुखबंधात विषय उघडतो, ढाळात कथा चालते, वलणात गुंडाळून पुढच्या कडव्याकडे वळवले जाते. त्यामुळे प्रेमानंदाची गोष्ट सतत पुढे ढकलली जाते, तर श्लोकात कवी वाचकाला थांबवून एकेक कल्पना दाखवतो. कडव्यावर रागाचे नाव असते तेही नोंदवा. राग बदलला की बहुधा प्रसंगाचा भावही बदललेला असतो.

वृत्त ओळखताना गण पाडून पाहा, कानावर विसंबू नका. आणि ओळखले की तिथेच सोडू नका. ‘हे मालिनी आहे’ ही माहिती झाली. त्या लघू अक्षरांनी प्रसंगात काय घडवले ते सांगितले तर ती समीक्षा.

एक कृती अपुरी आणि दुसरी पूर्ण कथेची असेल तर?

रघुनाथ पंडित स्वयंवरापाशी थांबतात. प्रेमानंद द्यूत, वनवास, पुनर्मीलन सगळे सांगतो. अशा वेळी दोन मार्ग आहेत. सामाईक भागापुरती तुलना करावी आणि तसे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे. किंवा थांबण्याची जागा हाच विषय करावा: स्वयंवरावर संपणारे काव्य शृंगाराचे होते, पुढे जाणारे दुःखाचे आणि परीक्षेचे.

दुसरा मार्ग घेतला तर प्रेमानंदाच्या दोन प्रसंगांकडे जरूर पाहावे. वनात नळ मासे पकडून दमयंतीच्या हाती देतो. तिच्या हातात अमृत आहे, मासे जिवंत होऊन पाण्यात निसटतात, आणि उपाशी नळाला वाटते की हिने एकटीने खाल्ले. पुढे दमयंतीवर हार चोरल्याचा आळ येतो. महाभारतात हे दोन्ही नाही. तिथे नळ तिला सोडून जातो तो कलीच्या प्रभावाने. इथे कलीच्या जोडीला नवऱ्याच्या मनातला अगदी घरगुती संशयही येतो. देवाने दिलेले वरदानच घात करते, ही योजना फार भेदक आहे. ही कथा प्रेमानंदाआधीच्या गुजराती आख्यानकवींनीही हाताळली होती, म्हणून ‘प्रेमानंदाची स्वतंत्र कल्पना’ असे न लिहिता ‘प्रेमानंदाच्या आख्यानात’ असे लिहावे.

कादंबरी आणि नाटक यांची तुलना करता येते का?

येते, फक्त प्रकाराने आलेला फरक लेखकाच्या नावावर टाकू नये.

खांडेकरांची ‘ययाति’ तीन पात्रांच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते: ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. प्रत्येकाला स्वतःचे समर्थन करायला पानेच्या पाने आहेत. कर्नाडांच्या नाटकात कोणाला अशी निवांत कबुली देता येत नाही, समोर उत्तर द्यायला दुसरे पात्र उभे असते. हा फरक प्रकाराचा. तो दोन वाक्यांत सांगून पुढे जा.

खरा फरक निवडीत आहे. महाभारतात कच देवयानीला शाप देऊन निघून जातो आणि ययातीच्या कथेत परत येत नाही. खांडेकर त्याला परत आणतात आणि भोगी ययातीसमोर संयमी कच शेवटपर्यंत उभा ठेवतात. कर्नाड असा आदर्श माणूस आणत नाहीत. ते आणतात चित्रलेखेला, म्हणजे ययातीचा मुलगा पुरू याच्या नव्या नवरीला, जी महाभारतात नाही. पुरूने बापाचे म्हातारपण घेतले. पण मग तिचे काय? हा प्रश्न ती ययातीलाच विचारते, आणि शेवटी विष घेते. खांडेकरांकडे पुरू हा महाभारताप्रमाणे शर्मिष्ठेचा मुलगा. कर्नाडांकडे तो तिचा मुलगा नाही. एकाच्या मते ययातीचा दोष भोगात आहे आणि त्याचे उत्तर संयमात. दुसऱ्याच्या मते दोष जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यात आहे, आणि त्याची किंमत तिसराच माणूस देतो. दोन लेखकांनी कोणते पात्र वाढवले एवढे नीट पाहिले तरी अर्धा लेख होतो.

दोन कृती सारख्या असल्या म्हणजे एकीने दुसरीतून घेतले का?

प्रभाव म्हणायला पुरावा लागतो: आधीची कृती नंतरच्या लेखकापर्यंत पोचली होती, त्याला ती भाषा येत होती, आणि मूळ कथेत नसलेली एखादी बारीक खूण दोन्हींकडे आहे. १९५९ आणि १९६१ ही साले जवळ आहेत एवढ्यावर खांडेकर-कर्नाड प्रभाव सिद्ध होत नाही. कर्नाडांनी आपल्या नाटकामागे घरच्यांशी आलेला ताण सांगितला आहे. ते ऑक्सफर्डला निघाले होते आणि हा परत येईल का, ही धास्ती आईवडिलांना होती.

साम्याचे प्रकार ठरवायला आपल्याकडे जुने, कामाचे साधन आहे: संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. ती बडोद्यातूनच १९१६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. चोरी न करणारा कवी नाही आणि व्यापारीही नाही, असे राजशेखर सरळ म्हणतो आणि मग अर्थहरणाचे, म्हणजे दुसऱ्याचा अर्थ उचलण्याचे, प्रकार पाडतो. सगळा अर्थ तोच आणि फक्त शब्द बदललेले, ते ‘प्रतिबिंबकल्प’. थोड्या संस्काराने तीच वस्तू वेगळी भासते, ते ‘आलेख्यप्रख्य’. विषय निराळे असूनही विलक्षण साम्यामुळे एकच वाटतात, ते ‘तुल्यदेहितुल्य’. मूळ एक पण बांधणी अगदी वेगळी, ते ‘परपुरप्रवेशसदृश’.

राजशेखर हे सुट्या श्लोकांबद्दल बोलतो. आख्ख्या कृतींना लावताना ते सैल करून घ्यावे लागते. तरी उपयोग होतो. कर्नाडांचे नाटक महाभारताशी चौथ्या नात्याने जोडलेले आहे. तिसऱ्याचे उदाहरण महाभारतातच आहे: नळ आणि युधिष्ठिर, दोघेही फाशांवर राज्य घालवून वनात गेलेले. हे साम्य बृहदश्वांना दिसले, म्हणून तर त्यांनी ती कथा सांगितली.

लेखाची मांडणी कशी करावी?

आधी एका कृतीबद्दल सगळे आणि मग दुसरीबद्दल सगळे, ही मांडणी सोपी वाटते, पण त्यात बहुधा दोन सारांश तयार होतात आणि तुलना शेवटच्या परिच्छेदात घाईने येते. मुद्द्यागणिक मांडणी करावी: एक मुद्दा, त्यात दोन्ही कृती.

१५०० शब्दांच्या लेखासाठी हा हिशेब जमतो: ओळख आणि मुख्य विधान १५०, सामाईक पाया आणि मूळ कथा २५०, तीन मुद्दे प्रत्येकी ३००, आणि उरलेले २०० निष्कर्षाला. कथासार पायाच्या त्या २५० शब्दांतच बसवावे. परीक्षेत तीनशे शब्दांचे उत्तर असेल तर एकच साम्य आणि दोन भेद घ्यावेत. दहा मुद्द्यांची यादी देऊ नये.

मुख्य विधान कसे लिहावे?

‘या दोन काव्यांत अनेक साम्ये व भेद आढळतात’ हे विधान नव्हे. ते कोणत्याही दोन काव्यांबद्दल खरे आहे. याउलट: ‘हंसाचा प्रसंग रघुनाथ पंडित सुभाषिताकडे नेतात आणि प्रेमानंद समूहगानाकडे, कारण एकाची रचना श्लोकाची आहे आणि दुसऱ्याची मैफिलीत सादर होणाऱ्या कडव्याची.’ यात सामाईक जागा आहे, फरक आहे आणि कारण आहे. आपले विधान तपासायला एकच करा: त्यातली दोन्ही नावे काढून दुसरी घाला. तरीही वाक्य खरे वाटले, तर ते पुन्हा लिहा.

कोणती कृती श्रेष्ठ ते सांगावे का?

कसोटी आधी सांगितली असेल तर सांगावे. ‘स्त्रीपात्राला स्वतःचा आवाज मिळतो का’ ही कसोटी ठेवली तर चित्रलेखेमुळे कर्नाडांचे पारडे जड आहे असे म्हणता येईल. पण शर्मिष्ठेला पानेच्या पाने स्वतःचे बोलायला देणारे खांडेकर त्या कसोटीवर हलके पडत नाहीत, हेही लिहावे लागेल. कसोटी न सांगता दिलेला निकाल ही फक्त आवड असते.

अनुवादातून वाचले असेल तर काय टाळावे?

शब्दरचना, नाद, म्हणी यांवर विधान करू नये. ते श्रेय किंवा दोष अनुवादकाचा असू शकतो. पात्रे, प्रसंगांचा क्रम, कोण बोलते, काय वगळले, यांवर खुशाल बोलावे. कन्नड येत नसेल तर कर्नाडांच्या नाटकावरचा लेख याच कुंपणात ठेवावा, आणि कोणता अनुवाद वाचला ते पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे.

वाचनमंडळात दीड तासात ही तुलना कशी बसवावी?

प्रसंग एकच घ्या आणि दोन्ही उतारे एका कागदाच्या दोन बाजूंना छापून सगळ्यांना द्या. पहिली वीस मिनिटे फक्त मोठ्याने वाचन. श्लोक चालीवर, कडवुं शक्य तर गुजराती येणाऱ्या सभासदाकडून. पुढची वीस मिनिटे मुळाची आणि परंपरेची माहिती एकाच वक्त्याने द्यावी. उरलेल्या पन्नास मिनिटांत चर्चा, आणि बोलणाऱ्याने आधी ओळ वाचून मगच मत मांडायचे हा नियम. तो पाळला नाही तर दहाव्या मिनिटाला चर्चा कवींच्या चरित्राकडे घसरते आणि कागद तसाच घडी होऊन पिशवीत जातो.